बनाकाकीची बोटं

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भागात नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम वस्तीवर येऊन विचारतो, "कोयते किती हायेत?" तेव्हा तो माणसं विचारत नसतो, जोड्या विचारत असतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, गाडी दोघं मिळून भरतात. बायको अंथरुणाला खिळली की नवरा अर्धा कोयता होतो, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. शाळेत असताना मला या शब्दाचा भयंकर राग यायचा. तसा मला कशाचाही राग येतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी चुलती बनाबाई चौदा हंगाम अशा एका कोयत्याची अर्धी बाजू होती. दुसरी बाजू माझे चुलते रंभाजी. आमची वस्ती पाथर्डीपासून आठ मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी. दसरा झाला की ट्रक यायचे आणि वस्ती रिकामी व्हायची. काका-काकी श्रीगोंद्याकडं जायचे आणि चैत्रात परत यायचे. माझे वडील पाथर्डीला शिपाई होते, म्हणून मी या ट्रकमध्ये कधी बसले नाही. माझं शिक्षण झालं ते त्यामुळं.

काकी उंचीला बेताची, आवाजानं मोठी. टोळीत तिची ख्याती मोळीसाठी. बांधून झालेल्या मोळीवरून ती एकदा हात फिरवायची आणि म्हणायची, "ही सुटनार." ती गाडीपाशी सुटायचीच. उसाच्या पात्यानं चिरून चिरून तिची बोटं अशी झाली होती की चुलीतला निखारा ती चिमटीत उचलून विडी पेटवायला काकांच्या हातात द्यायची, आणि काका "आयो" करून तो खाली टाकायचे. हा तिचा आवडता खेळ. पण त्याच बोटांना पोराच्या अंगातला ताप कळायचा नाही. ताप बघायला ती कपाळाला गाल लावायची.

तिची मुलगी भारती १९८९च्या जानेवारीत जन्मली, तोडणी चाललेल्या उसाच्या फडाच्या कडेला, कोपीत. कोपी म्हणजे बांबूची आणि पाचटाची उतरती झोपडी. तान्ही पोर सांभाळायला त्या वर्षी माझी आजी रंगुबाई सोबत गेली होती. आजी काकांची आई, आणि काकी आजीच्या सख्ख्या भावाची लेक. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्याकडं आहे. काकी सासूला आत्याच म्हणायची, कारण ती आत्याच होती.

आजी रोज सकाळी भारतीला तेल चोळायची आणि कोवळ्या उन्हात गोधडीवर उताणी ठेवायची, जशी तिनं आम्हा सगळ्यांना ठेवली होती. भारती किंचाळायची. डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून, लालबुंद होऊन. आजी म्हणायची, "सायबाची लेक दिसतीय, ऊन सोसना हिला." टोळीतल्या बाया हसायच्या. पोरगी जेवढी रडेल तेवढा वेळ आजी तिला जास्त ठेवायची, सवय लागावी म्हणून.

दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या तोंडावर तीळ सांडल्यासारखे ठिपके होते. चौथ्या वर्षी त्यांत पांढरे डाग दिसायला लागले. टोळीत कुणीतरी म्हणालं, कोड हाय. कोड हा शब्द आला की आमच्याकडं माणसं चार वर्षांच्या पोरीच्या लग्नापर्यंत जाऊन पोचतात. आजीनं पाथर्डीच्या बाजारातून बावची आणली, वाटली, तिळाच्या तेलात कालवली. बावची लावून उन्हात बसवायचं, हा कोडावरचा जुना इलाज. लोकांना त्यानं गुण येतोही. काकीनं स्वतःच्या हातानं ते तेल भारतीच्या तोंडाला लावलं आणि तिला मांडीवर घेऊन उन्हात बसली. पोरगी उठू नये म्हणून तिला कावळ्या-चिमणीच्या गोष्टी सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी भारतीच्या तोंडावर फोड आले. आठवड्यात साल निघाली.

मी तेव्हा नगरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. काकी एस.टी.नं थेट माझ्या हॉस्टेलवर आली, भारतीला लुगड्यात गुंडाळून. "दीपे, मीच भाजलं गं हिला," एवढंच म्हणाली. मी आधी बावची विकणाऱ्याला शिव्या घातल्या, मग आजीला, मग रेक्टरला, कारण तो खेड्यातल्या बाईला आत सोडत नव्हता. नगरच्या चामडीच्या डॉक्टरांनी भिंगानं पाहिलं आणि आम्हाला पुण्याला धाडलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. झिरोडर्मा पिग्मेंटोसम. ऊन सगळ्यांच्याच कातडीला रोज इजा करतं, पण आपल्या पेशी ती रोजच्या रोज दुरुस्त करतात. या मुलीच्या पेशींना ते जमत नाही. म्हणून इजा साठत जाते, आणि साठता साठता कॅन्सर होतो. औषध नाही. ऊन चालणार नाही, आजपासून कधीच.

काकीनं पदर सावरला. "आन् जपलं तर?"

"जपलं तर मोठी होईल," डॉक्टर म्हणाले.

परत येताना नगरच्या स्टँडवर उतरल्यावर काकी म्हणाली, "जपलं तर मोठी व्हईल म्हनले ना गं? तू ऐकलंस ना?" मी ऐकलं होतं.

पण जपायचं कसं? कोपीच्या पाचटातून ऊन गळतं. म्हणून भारतीला वस्तीवर आजीकडं ठेवायचं ठरलं आणि काका-काकी तोडीला गेले. असे तीन हंगाम गेले. आजी वाईट नव्हती हो. पण तिच्या मनानं घेतलंच नाही. ऊन लागून कुणी मेलेलं तिनं पाहिलं नव्हतं. पोरगी दाराच्या फटीतून बाहेरची पोरं बघून रडायची, आणि आजी दार उघडायची. "जा, घडीभर खेळून ये. तुझ्या आयला सांगू नगं."

१९९६च्या उन्हाळ्यात भारतीच्या नाकपुडीवर बोराएवढी गाठ आली. पुण्याला कापून काढली. कॅन्सरच होता. "सगळा निघालाय," डॉक्टर म्हणाले, "पण हा फार उशिरा आणलात. पुढचा मोहरीएवढा असताना आणा." सात वर्षांच्या पोरीच्या नाकाचा एक कोपरा गेला. काकी बाकावर बसून राहिली. भारतीनंच तिला विचारलं, "आये, दुखतंय का तुला?"

मी तोवर एम.एस्सी. होऊन पुण्यातच एका लॅबमध्ये लागले होते. भारतीपायी मी हा एकच विषय वाचत सुटले होते. पेशी ही दुरुस्ती करतात तरी कशी, हे जगात त्याच वर्षांत उलगडत होतं. एक दिवस लायब्ररीत एक नवा लेख हाती आला आणि मी तिथंच बाकावरून उठून उभी राहिले. ग्रंथपालानं चष्म्यावरून पाहिलं. त्या लेखातलं एन्झाइम म्हणजे आमचा कोयता होता.

दसऱ्याला मी वस्तीवर गेले ते हा शोध पिशवीत घालूनच. जेवणं झाली होती. काका विडी ओढत होते, आजी चुलीपाशी बाजरी निवडत होती, भारती झोपली होती. मी काकीकडून दोन पदरी दोर मागून घेतला.

"हे बघ काकी. पेशीत असा दोन पदरी, पिळाचा दोर असतो. दोन्ही पदरांवर अक्षरं. एका पदरावर काय लिहिलंय ते बघून दुसरा लिहिता येतो. उन्हानं काय होतं, एका पदरातली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. गाठ पडल्यासारखं. गाठ तशीच राहिली की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं."

"मग सोडवायची गाठ," काका म्हणाले.

"सुटत नाही. कापून काढावी लागते. आधी कुणीतरी जागा ओळखतं. मग दुसरे येऊन तिथला पीळ उकलतात. हा असा." मी दोर मध्ये फाकवला. "मग एक जण गाठीच्या या अंगाला कापतो. त्या अंगाला कापायला जोडी येते. जोडीच, एकटा नाही. एकाच्या अंगात पातं असतं. दुसरीकडं पातं नसतं, पण ती त्याला धरून असते आणि दोराला धरून असते. ती नसेल तर पातंवाला काही कामाचा नाही, नुसता पेशीत टिकतसुद्धा नाही."

काकी हसायला लागली. "आवं, ऐकलं का? टिकत न्हाई म्हन्ती."

"ऐकलं, ऐकलं," काका म्हणाले.

"आणि तो कुठं कापतो? त्याला अक्षरं वाचता येत नाहीत. त्याला आकार तेवढा कळतो. जिथं पीळ संपतो आणि उकललेलं सुरू होतं, बरोबर त्या कडेला."

"जमिनीलगत," काका लगेच म्हणाले. ऊस जमिनीलगतच तोडायचा असतो, वर खुंट राहिला तर त्यातली साखर रानात राहते. एम.एस्सी. होऊनही मला हे समजायला दोन दिवस लागले होते.

"तिसेक अक्षरांचा तुकडा गाठीसकट निघून पडतो. मग समोरच्या पदरावर बघून तेवढी जागा नव्यानं भरतात. संपलं. तुझ्या-माझ्या अंगात आत्ता हेच चाललंय."

काकीनं दोर माझ्या हातातून घेतला. फाकवलेल्या जागी अंगठा ठेवून ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आमच्या भारतीत ह्यातलं कोन न्हाई?"

खरं उत्तर होतं, माहीत नाही. सात-आठ जणांतला कुठला एक नसेल, हे सांगणारी तपासणी आपल्याकडं होत नव्हती. पण काकी माझ्याकडं अशी बघत होती की 'माहीत नाही' म्हणायला माझी जीभ वळेना. आणि ती जोडी मला फार आवडली होती, हेही खरंच.

"ही," मी म्हणाले. "बिनपात्याची."

"पर का न्हाई ती?" काकांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी फळ्यापुढं उभी असल्यासारखी बोलत सुटले. प्रत्येक कामगार घडवायची कृती दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. एक चांगली असली तरी भागतं. भारतीला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या, कारण तुम्ही दोघं एकाच घरातले. आजी आणि काकीचे वडील सख्खी भावंडं. आजीकडून काकांना आली, आजीच्या भावाकडून काकीला.

चुलीपाशी बाजरी निवडायचा आवाज थांबला.

"म्हंजी माझ्याकडनं," आजी म्हणाली.

"आजी, त्यात तुझा काय दोष? माझ्यातही असेल ती, मी पण तुझीच," मी घाईघाईनं म्हणाले. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. उन्हात ठेवणारी ती, बावची आणणारी ती, घडीभर खेळायला सोडणारी ती, आणि आता हेही मी तिच्याच पदरात टाकलं. त्या दिवसाची माझी जीभ आठवली की मला अजून माझाच राग येतो.

काकीनं दोराची गुंडाळी केली आणि म्हणाली, "औंदा मी तोडीला येनार न्हाई. तिच्या आत ती बाई न्हाई ना? मग भाईरनं मी हाय."

"आन् मी?" काका म्हणाले. "अर्धा कोयता घिऊन कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊ?"

आजीनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठली. "मी येती."

काकांना आधी ती थट्टाच वाटली. "आये, साठ झाली तुला."

"मोळीला काय ठावं माझं वय?" आजी म्हणाली. "तीस वर्सं बांधल्यात. ऱ्हायलीय माझ्या हातात." आणि काकीकडं न बघता, "मला पोर संबाळता आली न्हाई, बना. तूच संबाळ."

चार दिवसांनी ट्रक आला. मुकादमानं आजीला बघून डोक्याला हात लावला. "रंभाजी, बायको म्हनून आईला आनलंस व्हय?" टोळी हसली. आजीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि फाळक्याला धरून वर चढली. त्या ट्रकमागं उडालेला फुफाटा आणि घराच्या अंधारात दाराआड उभी काकी, दोन्ही मी पाहिलं. मी एका खोट्यावर हा कोयता मोडला होता, हे फक्त मला माहीत होतं.

पुढचे तीन हंगाम काकीनं काय केलं ते सांगते.

दसऱ्यानंतर वस्तीवर कुलपं, म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच उरतं. काकीनं खिडकीला बारदान लावलं, दोन पदरी. दाराला जुनी वाकळ. तरी आमच्या पत्र्याच्या छताला खिळ्यांची भोकं होती, आणि दर तासाला जमिनीवर उन्हाचा एक नवा ठिपका उमटायचा. काकीनं कोळसा घेतला. ठिपका दिसला की त्याच्या रोखानं वर बघायचं, भोक शोधायचं, खूण करायची. सकाळची भोकं वेगळी, दुपारची वेगळी. आठ दिवस ती हेच करत होती. मग सूर्य बुडाल्यावर शिडी लावून एकेक भोक डांबरानं बुजवलं. एकवीस निघाली.

भारतीला बाहेर जायला मिळायचं ते दिवस मावळल्यावर. ती कुत्र्यांमागं धावायची, चिंचेवर चढायची, एकटीच लंगडी खेळायची. शाळेतले गुरुजी भले, त्यांनी नाव पटावर ठेवलं आणि संध्याकाळी येऊन अभ्यास बघून जायचे. भारती गणितात तरबेज निघाली. काकीला मात्र ती उलटसुलट प्रश्न विचारून पिडायची. "आये, दुपार कशी दिसती गं?" काकी म्हणायची, "काय न्हाई बघन्यासारखं. समदी घामाघूम."

पण अंगणात सोडायच्या आधी तपासणी. रोज, न चुकता. भारतीनं चटईवर पडायचं आणि काकीनं भांगापासून सुरुवात करायची. कपाळ, पापण्या, नाक, ओठ, कान, कानामागं, मान, मग हात, मग पाय. "मोहरीयेवढा असताना आना" हे डॉक्टरांचं वाक्य तिनं गाठीला बांधलं होतं. पण भारतीच्या अंगावर ठिपक्यांत ठिपके. त्यांत नवा ठिपका डोळ्यांना दिसणार कसा? आणि घरात अंधार. म्हणून काकीनं हात फिरवायला सुरुवात केली, जसा ती मोळीवर फिरवायची. तर बोटांना काहीच कळेना. चौदा हंगामांची घट्टं होती ती. पहिला हंगामभर ती गालानंच तपासायची, भारतीच्या पाठीला गाल लावून वरून खाली. भारती गुदगुल्यांनी लोळायची.

मग हळूहळू बोटं मऊ पडली. रोज रात्री ती त्यांना तेल चोळायची आणि दिवसा दगडानं घट्टं घासायची. चैत्रात तोडीहून बाया परत आल्या तेव्हा एकीनं तिचा हात उलटा करून सगळ्यांना दाखवला. "बनाचा हात बघा गं, मास्तरनीचा." बाया हसल्या. काकीनं हात पदराखाली घेतले. निखारा उचलणारी बाई होती ती. मला म्हणाली, "आता मोळी बांधाया गेली तर रगत निघंल माज्या हातातनं." त्यात अभिमान नव्हता, लाज होती.

आजी परत यायची ती आणखी वाळलेली. डोक्यावरचे केस मोळ्या वाहून वाहून गेलेले. आली की आधी भारतीला जवळ घ्यायची.

तीन वर्षांत काकीनं तीन गाठी शोधल्या. प्रत्येक वेळी काकी तिला संध्याकाळच्या गाडीनं माझ्याकडं पुण्याला आणायची, आणि डॉक्टर पाच मिनिटांत कापून काढायचे. दुसऱ्या वेळी ते भिंग खाली ठेवून म्हणाले, "हे शोधतं कोण? मला भिंगाशिवाय दिसलं नसतं." मी म्हणाले, "आई." मला तेवढ्यापुरता अभिमान वाटला, आणि मी पुढं विचार केला नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही.

त्याच वेळी डॉक्टरांनी भारतीच्या चांगल्या कातडीचा एक कण काढून दिला होता. आमच्या लॅबच्या सरांनी तो परदेशातल्या ओळखीच्या लॅबला धाडला. तिथं त्या पेशी दुसऱ्या रुग्णांच्या पेशींशी जुळवून बघतात आणि कुठला कामगार नाही ते ठरवतात. उत्तर यायला दीड वर्ष लागलं. १९९९च्या मार्चमध्ये सरांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं.

जोडी शाबूत होती. पातंवाला होता, बिनपात्याचीही होती. नव्हता तो सगळ्यात आधी येणारा. त्याला पातं नाही, त्याला उकलता येत नाही, भरता येत नाही. तो दोरावरून फिरत राहतो. चिकटलेली अक्षरंसुद्धा त्याला ओळखता येत नाहीत, पण जिथं पीळ जरासा सैल लागतो तिथं तो थांबतो. बाकीचे येतात ते तो थांबला म्हणून. तो सगळ्यांच्या आधी येतो हे आदल्याच वर्षी कळलं होतं. त्याचा आकार तर तोवर कुणी पाहिलाही नव्हता. म्हणजे भारतीच्या पेशीपेशीत कोयता बांधावर तयार बसून होता, आणि कुठल्या फडात शिरायचं ते दाखवणारं कुणी नव्हतं.

मी रजा टाकून निघाले. पाथर्डीला जीपवाल्यानं मला चौथी म्हणून पुढच्या सीटवर कोंबलं तेव्हा मी त्याच्याशी भांडले सुद्धा नाही. एकच डोक्यात होतं. एका बाईची चौदा वर्षांची कमाई तिचे हात, ते मी घालवले. एका म्हातारीच्या डोक्यावर तीन हंगाम मोळ्या दिल्या. आणि सांगितलेलं खोटं.

पोचले तेव्हा दिवस मावळत होता. वाकळ बाजूला करून आत शिरले तर तपासणी चालली होती. भारती चटईवर पालथी, तोंडानं पाढे म्हणत. दहा वर्षांची झाली होती. काकीची बोटं उजव्या कानामागं थांबली होती.

"बरी आलीस," काकी म्हणाली. "हितं बघ."

मी बॅटरी काढली. जवळ धरून पाहिलं. ठिपके होते, नेहमीचे. "काही नाही, काकी."

"बगू नगं. बोट लाव."

तिनं माझं बोट धरून तिथं टेकवलं. मला काहीच लागलं नाही. तिनं ते अगदी हळू, केसांच्या दिशेनं ओढलं. आणि मग लागलं. मोहरीही नव्हे, खसखशीचा दाणा.

मला रडू फुटलं. अगदी हमसून. भारतीनं पाढे थांबवले. काकी घाबरली. "लई वंगाळ हाय का?"

"नाही गं. तसं नाही. काकी, मी तुला खोटं सांगितलं होतं." आणि मी सगळं सांगितलं. की मला तेव्हा माहीत नव्हतं. की पत्र आलंय. की भारतीची जोडी धडधाकट आहे, बिनपात्याची बाई आहे तिच्यात, तू उगाच घरी बसलीस, आजी उगाच गेली.

काकी ऐकत होती, पण बोटं थांबली नव्हती. कानामागून मानेवर आली होती.

"म्हंजी कापनारी हायेत," ती म्हणाली.

"आहेत."

"उकलनारी, भरनारी?"

"सगळी आहेत."

"मग कोन न्हाई?"

"कुठं बिघडलंय ते शोधणारा. नुसता फिरतो आणि पीळ सैल लागला की थांबतो. तेवढाच नाही."

काकीचा हात भारतीच्या पाठीवर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं. अंधारातही मला तिची बोटं दिसत होती, मऊ पडलेली, ज्यांची तिला लाज वाटायची ती.

"मग रडती कशापाई?" ती म्हणाली. "तेच तर करतीय की मी."

तीन वर्षं मी पुण्यात ज्याच्यावर वाचत होते ते इथं चटईवर चाललं होतं, रोज संध्याकाळी.

"आत्या आल्या की त्यास्नी शिकवती," काकी म्हणाली. "म्हनावं, मोळ्या बास झाल्या. घट्टं आदी घासून काढा. माज्यामागं कुनाला तरी याया पायजे ना हे."

"आये, झालं का? जाऊ का भाईर?" भारती कुरकुरली.

"थांब गं, टाचा ऱ्हायल्यात." काकी चटईच्या पायथ्याशी सरकली, आणि मला जागा करून दिली. "उद्या सांजच्या गाडीनं पुन्याला जाऊ. दीपे, डोळं पूस आन् ये हिकडं. डावी तू बघ."

मी भारतीची डावी टाच हातात घेतली.